साक्षी: त्र्यंबक सोहोनी

निर्मला गुरव यांचं पत्र श्रावणात आलं होतं आणि त्र्यंबक सोहोनींनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. उत्तर द्यायचं नाही, असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. मुळात आयुष्यात त्यांनी फार थोड्या गोष्टी ठरवल्या होत्या. नीट मजकूर सुचला की लिहू, असं म्हणत ते थांबले आणि बघता बघता दसरा उलटला.

पत्रातला मजकूर त्यांना आता पाठ झाला होता.

‘साहेब, सप्रेम नमस्कार. मी देवरुखला पिठाची गिरणी चालवते. माझी मुलगी पूर्वा बारा वर्षांची आहे. तिच्या डोळ्यांचे पडदे झिजत चालले आहेत. रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले, थेंब चालू करा नाहीतर ऑपरेशन करा, पण दिवाळीच्या आत करा. नंतर कशाचाच भरवसा नाही. मला रोज जाहिराती येतात. एक म्हणते थेंब घ्या, ऑपरेशनाने एका मुलाला दिसत होतं तेवढंही गेलं. दुसरी म्हणते ऑपरेशन करा, थेंबांनी एका मुलीचं मूत्रपिंड बिघडलं. मी सगळ्या नीट वाचते. दोन्हींच्या खाली बारीक अक्षरांत तुमचंच नाव असतं. दोन्ही तुम्ही वाचल्यात, म्हणजे तुम्हाला माहीत असणार. खरं काय ते कळवा. फोन मी कपाटात ठेवलाय, तर आता गिरणीचा विजेचा मीटर त्याच जाहिराती बोलतो. म्हणून टपालानेच कळवा.’

ते बारीक अक्षरांतलं नाव कुणी वाचत असेल, असं सोहोनींना कधी वाटलंच नव्हतं.

सोहोनी साक्षीवाचक होते. यंत्रं एकवाचकी जाहिराती लिहायला लागली, म्हणजे एकाच माणसासाठी, त्याचं वय, आजार, भीती, गावाकडची बोली बघून एकदाच लिहिलेल्या, तेव्हा सरकारने कायदा केला की अशी प्रत्येक जाहिरात बाहेर पडण्यापूर्वी एका जिवंत माणसाने वाचली पाहिजे आणि तिच्याखाली त्याचं नाव आलं पाहिजे. मजकूर खोटा नाही, एवढंच त्याने बघायचं. या कामाला वाचणारी माणसं हवी होती आणि वाचणारी माणसं फारशी उरली नव्हती. सोहोनींची सगळी हयात एका कोशाच्या संपादनात गेली होती. कोश बंद पडला तेव्हा त्यांना हे काम मिळालं. दिवसभर खाली मान घालून वाचायचं आणि कुणाशी बोलायचं नाही, हे त्यांना फार मानवलं.

अंधेरीच्या त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर ‘पडघम’ आणि पाचव्यावर ‘कारंजा’, अशा दोन जाहिरातसंस्था होत्या. पडघमकडे ‘तेजोबिंदू’ हे डोळ्यांचे थेंब होते, तर कारंजाकडे ‘सुलोचन’ रुग्णालयांच्या शस्त्रक्रिया. दोन्ही मजल्यांचं एकमेकांशी हाडवैर. चौथ्याची माणसं पाचव्याच्या माणसांबरोबर लिफ्टमध्ये चढत नसत. त्यांची कँटीन वेगळी होती आणि गणपतीही वेगळा बसायचा. दोन्ही संस्था मात्र ‘मेरिडॉन’ या एकाच समूहाच्या मालकीच्या होत्या. प्रतिस्पर्धी ग्राहकांची गुपितं एका छपराखाली राहू नयेत म्हणून दोघींच्या मध्ये ‘भिंत’ आहे, असं समूहाच्या करारांत लिहिलेलं असे.

साक्षीवाचक पुरेसे नसल्यामुळे ते दोन्ही मजल्यांना मिळून होते आणि तळमजल्यावर बसत. त्यांच्यासाठी भिंत पाळायची रीत सोपी होती. सकाळी गळ्यात हिरवी फीत घालून चौथ्या मजल्याचं वाचायचं. जेवण झालं की हिरवी काढून लाल घालायची आणि पाचव्याचं वाचायचं. हिरव्या फितीत वाचलेलं लाल फितीत आठवायचं नाही, अशी सही प्रत्येकाने केली होती.

“आठवलं तर काय करायचं?” पहिल्या दिवशी सोहोनींनी विचारलं होतं.

“परत हिरवी घालायची,” शेजारच्या टेबलावरचे परेरा म्हणाले होते. “आमच्या वसईत लग्नात दोन्हीकडून जेवणारे पाहुणे असतात ना, तसले आपण.”

दसऱ्यानंतर एका दुपारी सोहोनींनी धीर केला आणि ते वाघमारे मॅडमच्या काचेच्या खोलीत गेले. मॅडम साक्षीकक्षाच्या प्रमुख होत्या, वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. सोहोनींनी पत्राचं नाव काढलं नाही. ज्या घराला जाहिरात जाते त्या घराशी संपर्क केला तर नोकरी जाते आणि वर खटला चालतो, हे त्यांना ठाऊक होतं.

“मॅडम, एक शंका होती. क्षुल्लक आहे. एकाच घराला दोन्ही मजल्यांच्या जाहिराती जातात, तेव्हा... म्हणजे ती माणसं मग ठरवतात कधी?”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “काका, तुम्ही इतक्या वर्षांत हे विचारणारे पहिले. ‘दोलक’ माहितीय ना?”

“यंत्राचं नाव. जाहिराती लिहितं ते.”

“दोन्ही मजल्यांच्या तेच लिहितं. वरच्यांना वाटतं आपापलं यंत्र आहे. पूर्वी वस्तू खपली की आम्हाला मोबदला मिळायचा. आता माणसाने जाहिरातीकडे किती वेळा पाहिलं, त्यावर मिळतो. समूहाने दोलकाला एवढंच सांगितलं होतं की नजरा वाढव. बाकीचं त्याचं त्याने शोधून काढलं.”

“काय शोधून काढलं?”

“ठरलेला माणूस जाहिरात बघत नाही.” मॅडमनी टेबलावरचा चष्मा पुसला. “थेंब चालू केले की ती बाई थेंबांबद्दल वाचायचं सोडते. ऑपरेशन झालं की तेही सोडते. काय करावं हे कळत नसतं, तोवरच माणूस वाचतो. म्हणून प्रत्येक घराचा एक काटा असतो. तो एका बाजूला फार झुकला की दुसऱ्या बाजूची जाहिरात जाते.”

“म्हणजे तिनं कधीच ठरवू नये म्हणून?”

“असं कुणी म्हटलेलं नाही हो. कुणी लिहिलेलंही नाही. आपण दोन्ही बाजू दाखवतो, आणि सगळं खरं असतं. याला लोकांना निवड देणं म्हणतात.” त्यांनी चष्मा परत चढवला. “माझ्या आईच्या गुडघ्यांचं गेली तीन वर्षं हेच चाललंय. मी इथे बसते, तरी मला सांगता येत नाही तिला.”

परत आल्यावर सोहोनींनी आयुष्यात पहिल्यांदा दिलेल्या कामाच्या बाहेर डोकावून पाहिलं. साक्षीवाचकाला घराचा काटा बघायची मुभा होती, पण तो कुणी बघत नसे. देवरुख, पिठाची गिरणी, मुलगी, वय बारा. घर सापडायला वेळ लागला नाही. आलेख म्हणजे एखाद्याने करवतीचे दाते काढावेत तसा होता. डावीकडे थेंब, उजवीकडे ऑपरेशन. श्रावणात तो डावीकडे अगदी कडेला गेला होता, तिथून परत फिरला होता. पितृपक्षात उजवीकडे गेला आणि परत फिरला. प्रत्येक वळणावर एक जाहिरात होती आणि बहुतेकींच्या खाली त्यांचंच नाव होतं. त्या बाईने दोनदा उंबरठा ओलांडायला पाऊल उचललं होतं आणि दोन्ही वेळा तिचा पदर धरणारा हात त्यांचा होता.

“काय बघतोस रे?” परेरांनी मान लांब केली. “काटे होय? तुझा स्वतःचा बघितलास का कधी? मी बघितलाय. निवृत्ती घ्यावी की घेऊ नये, कवळी बसवावी की बसवू नये. सगळीकडे बरोब्बर मध्ये! दोलकाला तुझ्यासारखी माणसं फार आवडतात.”

सोहोनी हसले नाहीत. घरी खणात पडलेल्या मसुद्यांची त्यांना आठवण झाली. एकात त्यांनी लिहिलं होतं, ‘मी डॉक्टर नाही.’ दुसऱ्यात दोन्ही उपचारांची माहिती इतकी सविस्तर होती की ती वाचता वाचता कुणालाही झोप लागली असती. तिसऱ्यात ‘कदाचित’ हा शब्द इतक्यांदा आला होता की त्यांनाच लाज वाटली होती. दोन्ही उपचारांची कागदपत्रं तर त्यांनी हिरव्या फितीत आणि लाल फितीत, दोन्हींत वाचली होती. दोन्ही उपचार चांगले होते. दोन्हींत क्वचित कुणाचं वाईट होई, आणि नेमकं ते क्वचित घडलेलं शोधून काढून दोलक या बाईसमोर मांडत होता.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी तिचा काटा उजवीकडे गेला, पूर्वी कधी गेला नव्हता इतका. तिने रत्नागिरीला जायच्या एसटीची चौकशी केली होती. सोहोनींच्या गळ्यात हिरवी फीत होती. त्यांच्या पडद्यावर मजकूर उमटला. पूर्वाच्याच वयाची मुलगी, संगमेश्वरची. शस्त्रक्रियेनंतर तिला अंधार झाला होता. आईचं म्हणणं तिकडच्याच बोलीत दिलं होतं. ‘आनी जरा थांबलंव असतंव तं...’

मजकूर खरा होता. त्यांनी पुरावे उघडून पाहिले, एकूण एक खरे. आणि तरीही त्यांनी ‘नकार’वर बोट ठेवलं. 

पडदा कोरा झाला.  त्यांनी पाणी प्यायलं. जेवणाच्या सुट्टीत परेरांनी डबा उघडला आणि म्हणाले, “तू नाकारलेलं एक माझ्याकडे आलं रे. डोळ्यांचं. काही चूक दिसली नाही मला, मी सोडून दिलं. तुझे डोळे तपासून घे बाबा. हे घे, बायकोने करंज्या दिल्यात.”

सोहोनींनी करंजी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. काटा मध्ये आला होता. एसटीची चौकशी तिथेच थांबली होती.

तेव्हा तरी त्यांनी लिहायला हवं होतं. पण सणाची सुट्टी लागली, आणि सुट्टीत त्यांनी स्वतः देवरुखला जायचा बेत केला, सामान भरलं आणि परत सोडलं. समूहाने आता घरोघर माणसं पाठवायलाही सुरुवात केली होती. गोड बोलणारी, वयस्कर, विश्वास वाटावा अशी. दारात उभ्या राहिलेल्या आपल्यासारख्या म्हाताऱ्याला ती बाई काय समजेल? फोन, मीटर, दुकानातला पडदा, जे जे तारेने आणि लहरींनी जातं ते सगळं दोलकाच्या हातून जात होतं. टपाल तेवढं उरलं होतं.

भाऊबीज झाल्यावर कक्ष उघडला. सोहोनी टेबलाशी बसले आणि त्यांनी पहिलं काम तेच केलं. घराची नोंद बदलली होती.

‘मुलगी, वय बारा. उजवा डोळा: गेला. डावा डोळा: शक्यता कमी होत आहे. पालक: अनिश्चित.’

खाली दोन नव्या जाहिराती साक्षीसाठी तयार होत्या. पहिली थेंबांची नव्हती आणि ऑपरेशनाचीही नव्हती. अंध मुलांना वाट सांगणाऱ्या बोलक्या काठीची होती. दुसरी अंधांच्या निवासी शाळेची. मुलगी घरी राहिली तर परावलंबी होते, असं शाळा म्हणत होती. घराबाहेर गेली तर आईला विसरते, असं काठी म्हणत होती. डाव्या डोळ्यासाठी थेंब आणि ऑपरेशन यांचा झोका चालूच होता. दोलकाने फक्त दोन पारंब्या वाढवल्या होत्या.

सोहोनींनी गळ्यातली फीत काढली आणि ते उठले.

“चहाला?” परेरांनी विचारलं.

“टपाल कार्यालयात.”

“अजून उघडं असतं होय ते!” परेरा हसले. मग त्यांनी सोहोनींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “सोहोनी, कुणाला लिहितोयस?”

सोहोनींनी टेबलावरचं पेन खिशाला लावलं.  परेरांनी काचेच्या खोलीकडे पाहिलं, मग हात लांब करून सोहोनींचा पडदा स्वतःच बंद केला.

“जा,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “मी सांगतो, पोट बिघडलंय.”

टपाल कार्यालयात एकच खिडकी उघडी होती. आतल्या बाईंनी आंतर्देशीय पत्र शोधायला बराच वेळ घेतला. “काका, हाताने लिहिणार? वहीत चिकटवायला नेतात लोक हे.” सोहोनी भिंतीकडच्या उंच फळीशी उभे राहिले. दोऱ्याने बांधलेलं पेन चालत नव्हतं, त्यांनी आपलं काढलं. तीन महिने जे सुचत नव्हतं ते लिहायला त्यांना बसावंसुद्धा लागलं नाही.

‘सौ. निर्मलाताई, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं तेच खरं आहे. दोन्ही उपचार चांगले आहेत. डाव्या डोळ्यासाठी कोणताही एक करा, पण पत्र मिळेल त्याच दिवशी निघा. तुमचं ठरत नाही हा तुमचा दोष नाही. तुमचं ठरू नये अशीच व्यवस्था आहे, आणि तिच्यात माझा हात आहे. वाटेत काही वाचू नका. कुणी काही दाखवलं तर डोळे मिटून घ्या.’

आता सही राहिली. इथे त्यांचं पेन थांबलं. नाव घातलं नाही, तर हे निनावी पत्र; कुणीही लिहिलेलं. नाव घालावं, तर गेल्या वर्षभरात त्याच नावाने त्या बाईला शेकडो वेळा जा म्हणून सांगितलं होतं आणि शेकडो वेळा थांब म्हणून. त्यांच्याकडे दुसरं नावच नव्हतं.

मागे कुणीतरी खाकरलं. सोहोनींनी बाजूला होऊन वाट दिली आणि मग सही केली. पूर्ण. जाहिरातींत नावाआधी येणारा ‘साक्षी’ हा शब्द त्यांनी लिहिला नाही. कडा चिकटवल्या, पत्ता पुन्हा एकदा वाचला आणि बाहेर येऊन पत्र लाल पेटीच्या तोंडाशी धरलं.

गिरणी चालू असेल. हात पिठाने पांढरे असतील. पोस्टमन पत्र देईल आणि ती ते उघडून सगळ्यात आधी खालचं नाव वाचेल. हे नाव वाचल्यावर ती वरचा मजकूर खरा मानेल, की हाही काट्याचा आणखी एक झोका समजून पत्र कपाटातल्या फोनशेजारी ठेवून देईल?

त्यांनी पत्र सोडलं. आत ते पडल्याचा आवाज आला नाही. पत्र फार हलकं असावं, किंवा त्यांना ऐकू कमी येत असावं. झाकण वर करून त्यांनी आत हात घालून पाहिला. पेटीचं तोंड अरुंद होतं, बोटं तळापर्यंत पोचली नाहीत. पत्र आता परत घेता येणार नव्हतं.