चादरीचं दुसरं टोक

पाऊस काही सांगूनसवरून आला नाही. टेकडीमागून गुपचूप आला आणि थेट दोरीवरच्या चादरींवर तुटून पडला. "मेल्या, आत्ताच यायचं होतं तुला?" असं त्याला बजावत ती धावली. अख्ख्या केंद्राच्या चादरी आणि हात दोनच! शेवटच्या दोरीपाशी पोचते तो काय... पलीकडून कुणीतरी भराभर चिमटे काढत होतं.

चादर खाली आली आणि तिच्यामागून एक तरुण दिसला. चष्म्यावर थेंब, कान अंमळ मोठेच. बोलला काहीच नाही. नुसता हसला आणि चादरीचं दुसरं टोक हातात घेऊन उभा राहिला.

'मौनवाला दिसतोय,' तिने मनात म्हटलं.

शहरापासून लांब, रानातलं ते चर्चचं साधना केंद्र. सुट्टीत तिथे तरुणांची शिबिरं भरत. तेव्हा गिटार, गाणी, नुसता धांगडधिंगा. बाकीच्या दिवसांत मौनाचे आठवडे. प्रभूशी बोलायला आलेली माणसं मग एकमेकांशी चकार शब्द काढत नसत. ना जेवताना, ना वाटेवर. कोणाला कुठली खोली, हे फादर ठरवत. हिला फक्त गाद्या, उशा आणि चादरी ठाऊक. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हापासून ती इथेच, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आत्याजवळ वाढली.

आणि बोलणारी माणसं तरी कुठे राहायची? शिबिरातल्या मुली आठवडाभर गळ्यात गळे घालायच्या आणि रविवारी बसच्या खिडकीतून ओरडायच्या, "ताई, पुन्हा येणार हं आम्ही!" बस वळली की ही आपली गाद्या उलट्या करायला मोकळी. रविवारी दुपारी त्या रिकाम्या खोल्या नुसत्या खायला उठायच्या. पुन्हा आलं मात्र कुणी नाही.

मौनवाल्यांशी बोलायचं नाही, असा नियम होता. पण चादरीची घडी घालताना माणूस समोरून चालत येतो, टोकाला टोक मिळतं, बोटाला बोट लागतं... अशा वेळी गप्प तरी कसं बसायचं?

"तुमचं बरं आहे," ती म्हणाली. "बोलायचंच नाही, म्हणजे खोटंही बोलायला नको."

तो हसला.

दुसऱ्या दिवशी चादरी वाळल्या तेव्हा तो पुन्हा हजर! मग रोजच. ती बोलायची, तो मान डोलवायचा. रविवारच्या दुपारचं तिने सांगितलं. आत्याला सांगवत नाही, कारण तिला वाटेल आपलं प्रेम कमी पडलं, हेही सांगितलं. "कधीकधी वाटतं, मी मेले तरी बसमधल्या कुणाला कळायचं नाही," म्हणाली आणि लगेच, "तुमचे कान छान आहेत हो, ऐकायलाच दिलेत देवाने," असं म्हणून स्वतःच लाजली. कुणी उत्तर देणार नाही, याची तिला खात्रीच होती ना!

शनिवारी ती वेदीवरचं कापड बदलायला चॅपेलमध्ये गेली. दारातच थबकली. आत, गाण्यांना साथ देणाऱ्या पायपेटीजवळ, तो चक्क बोलत होता!

"काम झालं, फादर. पायपेटीच्या भात्याला नवं कातडं घातलंय. उद्याच्या बसने निघतो."

फादर बाहेर पडले. ती कापड छातीशी घट्ट धरून उभी.

"तुम्हाला... बोलता येतं?"

तो दचकला. "येतं."

"आणि मी आठवडाभर—"

"फाटकावरच्या काकांनी शपथच घातली होती, आवारात एक शब्दही काढायचा नाही म्हणून. तुम्हाला मुभा असेल, असं मला वाटलं. मग तुम्ही इतकं मनातलं बोलायला लागलात, की मध्येच 'मी पेटीवाला' असं सांगायची हिंमतच होईना."

"सगळं ऐकलंत?"

"कानांचंसुद्धा."

कुठे तोंड लपवू, असं झालं तिला. "लाज नाही वाटली?"

"वाटली ना. पण चादरी संपूच नयेत, असंही वाटलं."

हसू येत होतं आणि रडूही. "उद्या जाणार ना? मग म्हणा की, पुन्हा येतो. सगळेच म्हणतात."

"मी नाही म्हणणार."

ती कापड घेऊन वेदीकडे वळली.

"तुम्हीच चला," तो म्हणाला. "शहरात माझं पेटीदुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या वरच घर आहे. आईला ऐकू कमी येतं, त्यामुळे घरात मीच बोलतो आणि मीच ऐकतो. उद्या जेवायला चला. संध्याकाळी मी आणून सोडतो. मला तुम्ही आवडता... हे तिथे, आईसमोर, नीट सांगायचं होतं. आत्ताच निघून गेलं तोंडातून."

येतो म्हणणारे शेकडो भेटले होते. चल म्हणणारा हा पहिलाच.

आत्याने सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "बोलायला मुकाच सापडला होय गं तुला! आणि तोही खोटा!" मग म्हणाली, "जा. दिवसभराचं तर आहे."

"पण गाद्या—"

"गाद्यांना काय पाय फुटणार आहेत? जा म्हटलं ना."

रविवारी आयुष्यात पहिल्यांदा ती त्या बसच्या आत बसली. फाटकाशी आत्या एकटीच उभी. बस हलली, तशी आत्याने हात वर केला आणि तो खाली घ्यायचंच विसरली. आतून हे असं दिसतं, हे तिला माहीतच नव्हतं. "आत्या, येते गं संध्याकाळी!" ती ओरडली.

"रडताय?" त्याने हळूच विचारलं.

"तुम्हाला काय कळणार? तुमचं माणूस तुमच्या शेजारी बसलंय. तिथे ती एकटी आहे."

बोलून गेली आणि मग आपण काय बोललो, ते तिच्या लक्षात आलं.

"माझं माणूस?" तो म्हणाला.

तिने डोळे पुसले. आत्या दिसेनाशी होईपर्यंत ती बाहेर बघत राहिली. मग वळून म्हणाली, "हो."