दुसऱ्या माणसाचं नाव

तुरुंगातून फोन आला तेव्हा व्हर्ना होल्कम ऑफिसात बूट काढून बसली होती. शेरीफच्या ऑफिसात तपासाची कामं करता करता तिचे गुडघे म्हातारे झाले होते, आणि बाकीची व्हर्ना त्यांच्या मागोमाग निघाली होती.

"एल्डन प्रुइट बोलायचं म्हणतोय," पलीकडून तुरुंगाधिकारी म्हणाला. "दुसऱ्या माणसाचं नाव देतो म्हणे. पण तुम्हालाच."

व्हर्नाने बूट पुन्हा चढवले. तुरुंगाच्या आवारात बंदूक चालत नाही, म्हणून गाडीतली शिकारीची बंदूक काढून तिने कपाटात ठेवली. नवरा गेला त्या वर्षी, कशात तरी मन रमावं म्हणून तिने ती गस टालमनकडून घेतली होती. गसच्या खांद्याला बंदुकीचा धक्का सोसेना झाला आणि त्याने घरातल्या सगळ्या बंदुका विकायला काढल्या, त्यातली ही शेवटची. त्या बंदुकीने व्हर्नाने अजून एक हरीणही मारलं नव्हतं.

प्रुइटचं प्रकरण तिच्या हातचं नव्हतं. ज्याच्या हातचं होतं तो तपासनीस केव्हाच मातीआड गेला होता. हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर गल्ला सांभाळणारी कॅरल अ‍ॅन मेझर एका सकाळी खडीच्या खाणीत मेलेली सापडली होती. गस टालमनने साक्ष दिली की त्या रात्री खाणीच्या रस्त्यावर एल्डनची पिकअप उभी होती. एल्डन आत दारू पिऊन आडवा होता, हे तो स्वतःच सांगत होता. कॅरल अ‍ॅनच्या नखांत मारेकऱ्याची कातडी होती. ती एल्डनची नव्हती.

तेवढ्यावर तो सुटायला हवा होता. पण सरकारी वकिलाने ज्यूरीला सांगितलं, म्हणजे दोघे होते. ज्यूरीला पटलं. तेव्हापासून पॅरोलच्या प्रत्येक सुनावणीत बोर्ड एल्डनला एकच विचारतं: दुसरा कोण होता? नाव सांग आणि घरी जा. सोळा वर्षं तो सांगत नव्हता. पुढच्या आठवड्यात पुन्हा सुनावणी होती.

"मर्ल ओक्स," तुरुंगातल्या टेबलापलीकडून एल्डन म्हणाला.

"मर्ल?"

"हो मॅडम. मर्लच होता माझ्याबरोबर."

"मर्ल तर वारला."

"म्हणून तर सांगतोय. दोस्त होता हो. जिवंतपणी कसं सांगायचं?"

पाठांतर चांगलं झालं होतं. व्हर्नाला त्याची कीव आली.

"एल्डन, मर्लने खोट्या सह्यांचे चेक वटवले होते. त्यात दोषी ठरला. आपल्या राज्यात गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला की तोंडात कापसाची काडी फिरवून डीएनएचा नमुना घेतात. कायदाच आहे तो. तुझा घेतलाय, तसा मर्लचाही घेतला होता. तो त्या नखांतल्या कातडीशी जुळला असता, तर केव्हाच कळलं असतं."

एल्डनचे खांदे पडले.

"मग तुम्हीच सांगा कुणाचं नाव घेऊ. कुणाचं वाईट नको म्हणून मेलेला शोधला. आई शहाऐंशीची झाली, मॅडम. ती आहे तोवर एकदा तिच्या स्वयंपाकघरात बसायचंय मला. पण दुसरा माणूस आणू कुठून? मी पहिलाच नव्हतो!"

"तुझी गाडी होती तिथे."

"होती ना. गसने पाहिली, ते खरंच सांगितलं त्याने. त्याच्यावर राग नाही माझा. दर हिवाळ्यात आईच्या दारातला बर्फ तोच काढून देतो. एक पैसा घेत नाही."

परतीच्या वाटेवर व्हर्ना विचार करत राहिली. सोळा वर्षांत माणूस सख्ख्या भावालाही विकेल. एल्डनला खरं नाव ठाऊक असतं, तर त्याने ते पहिल्याच सुनावणीत विकलं असतं. म्हणजे मारेकरी एकच होता, आणि त्याचा नमुना सरकारकडे नव्हता. एवढा संतापी माणूस इतक्या वर्षांत एकदाही कायद्याच्या तावडीत सापडला नाही? तिला ते पचेना.

दुपारी व्हर्ना नोरीनच्या खानावळीत जेवायला शिरली, तेव्हा तिथे नवीन विधेयकावर वाद पेटला होता. किरकोळ गुन्ह्यातही दोषी ठरलं तर नमुना घ्यायचा, असं राजधानीत घाटत होतं.

"उद्या गाडी चुकीच्या जागी लावली तरी तोंडात काडी घालतील," गस टालमन म्हणाला. गसचा टोइंगचा धंदा होता. माणूस दांडगा, पण अडल्यानडल्याला धावणारा. "माझ्या तोंडात सरकारने हात घालायचा नाही. सांगून ठेवतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सरकारला शिव्या घालण्यावर या गावात कधी दुमत झालेलं नाही.

"तुझ्या तोंडात माझा कपसुद्धा जात नाही, तिथे सरकारचं काय!" नोरीन कॉफी ओतत म्हणाली. गस आपला पत्र्याचा मग घरून आणायचा आणि घरी न्यायचा. "पूर्वी माझ्याच कपातून गुमान प्यायचा हो हा. आता तंबाखूची पिंकसुद्धा बाटलीत भरून घरी नेतो. गावातला एवढाच काय तो स्वच्छ पुरुष!"

"आई गेली ना माझी, आता तू वळण लाव," गस हसत म्हणाला. पत्र्याचा मग आणि बाटली उचलून तो निघाला.

व्हर्नाच्या समोर म्हातारा वकील थर्मन बील अ‍ॅपल पाय खात होता. गस बाहेर पडल्यावर त्याने मान हलवली.

"मला भेटलेला सगळ्यात वेडा अशील हा."

"का रे?" व्हर्नाने विचारलं.

"ती बारमधली मारामारी नाही का? बिलियर्डची काठी त्या पोराच्या डोक्यात मोडली ती. तुझा नवरा गेला, त्याच्या पुढच्या वर्षी."

"आठवते. अकरा महिने बसला ना आत?"

"बसला नाही बाई, मागून घेतले! सरकारी वकील म्हणत होता, गंभीर गुन्हा कबूल कर, आजच घरी जा, तुरुंग नाही. हे भर कोर्टात झालं, त्यात गुपित काही नाही. मी अटी वाचून दाखवल्या. दारू नाही, राज्य सोडायचं नाही, नमुना द्यायचा, बंदूक बाळगायची नाही. तर हा म्हणतो, नको, किरकोळ गुन्हा लावा आणि तुरुंगात टाका. धंदा बसला, बायको माहेरी गेली ती गेलीच."

"पण का?"

"बंदुकीपायी! शिकारीशिवाय जगू शकत नाही म्हणाला. आता या गावात त्याला कोण नावं ठेवणार?"

व्हर्नाने काटा खाली ठेवला. तिला एकदम फार थकल्यासारखं वाटलं.

न्यायाधीशांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "तुरुंगात जायला कबूल झाला म्हणून संशय, हे माझ्यापुढे पहिल्यांदाच आलंय," ते म्हणाले. पण नमुना घ्यायच्या हुकमावर सही केली.

गस गॅरेजात ट्रकची साखळी तपासत होता. व्हर्नाबरोबर एक शिपाई होता. त्याला पाहून गसने साखळी हळूच खाली ठेवली.

"काय व्हर्ना, गाडी अडली का कुठे?"

"तू शेवटची शिकार कधी केलीस, गस?"

"करतो की दरवर्षी."

"कशाने? गोफणीने?"

गसने चिंधीला हात पुसले.

"तुझी शेवटची बंदूक माझ्या कपाटात आहे. दस्त्यावर तुझ्या नावाची अक्षरं कोरलेली आहेत. मारामारीच्या आदल्या वर्षी विकलीस तू मला ती. नसलेल्या बंदुकीसाठी कुणी अकरा महिने आत बसत नाही."

"माणूस पुन्हा घेतो."

"खांदा गेला तो पुन्हा आणलास का? बरं, बाकीच्या अटी बघू. दारू तुरुंगातही नव्हती. राज्य सोडणं तुरुंगातूनही जमत नव्हतं. मग उरतं काय? काडी. पलीकडच्या राज्यात नुसती अटक झाली तरी नमुना घेतात. इथे गंभीर गुन्ह्यातच. तू कायदा नीट वाचलास आणि त्याच्या फटीतून निघालास. धंदा दिलास, बायको दिलीस, थुंकी दिली नाहीस."

"अख्ख्या गावाला तो कायदा नकोय! धर मग सगळ्यांना."

"गाव शिव्या देतं आणि नोरीनच्या कपातून कॉफी पितं. तू कप उष्टा करत नाहीस. खाई त्याला खवखवे, गस. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला नव्हतास, कुणी तुझ्या मागावर नव्हतं. मग तुला पिंकेची काळजी का?"

शिपायाने दाराकडे पाऊल टाकलं. व्हर्नाने त्याला हातानेच थांबवलं.

"आणखी एक. एल्डनची गाडी रात्री त्या रस्त्यावर दिसायला बघणाराही त्याच रस्त्यावर हवा. तू तिथे काय करत होतास, हे तुला कुणी विचारलं नाही. टोइंगवाला कुठेही असू शकतो, असं सगळ्यांनी धरलं. आज मी विचारते. कुणाची गाडी ओढायला गेला होतास?"

गस बाकावर बसला. सोळा वर्षांचं ओझं एकदम अंगावर आल्यासारखा वाकला.

"तिचं चाक पंक्चर झालं होतं. मी बदलून दिलं." तो जमिनीकडे बघत होता. "मदतच करायला थांबलो होतो गं, शपथ. मग मी हात धरला तर ती किंचाळली. परत येताना एल्डनची गाडी दिसली. तो घोरत होता."

"म्हणून त्याच्या आईच्या दारातला बर्फ काढतोस?"

"काहीतरी करायला नको का?"

व्हर्नाला त्याला एक थोबाडीत मारावीशी वाटली. तिने खिशातून नमुन्याचं पाकीट काढलं, हातमोजे चढवले आणि कापसाची काडी बाहेर काढली. गसने तोंड उघडलं. ज्यासाठी त्याने संसार घालवला, ते काम अर्ध्या मिनिटात उरकलं.

प्रयोगशाळेने सुनावणीच्या आदल्या दिवशी कळवलं: जुळतोय. व्हर्ना स्वतःच तुरुंगात गेली. हे फोनवर सांगायचं नव्हतं.

नाव ऐकून एल्डन बोटं मोजू लागला.

"सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता माझा," तो म्हणाला. "मर्लवर घेतला. एकदा पाद्रीबुवांवरही घेतला. गसवर कधी नाही."

"उद्या बोर्ड विचारेल, दुसरा कोण होता. तू बोलू नकोस. मी सांगेन, दुसरा कुणी नव्हता आणि एल्डन प्रुइटही नव्हता. लगेच दार उघडणार नाही. कोर्टाची कागदपत्रं असतात. पण नाताळच्या आत तू घरी असशील."

"आणि माझा नमुना? तो परत देतात का?"

"यादीतून काढतात. पण अर्ज करावा लागतो. आपोआप काही होत नाही रे."

"राहू दे मग. पहिल्या दिवसापासून तोच एकटा माझ्या बाजूने खरं सांगत होता." एल्डनने डोळे पुसले. मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो खरोखरच काळजीत पडला. "पण मॅडम, यंदा आईच्या दारातला बर्फ कोण काढणार?"

"तू," व्हर्ना म्हणाली.

एल्डनने टेबलावर डोकं टेकलं आणि तो लहान मुलासारखा रडू लागला. व्हर्नाचे गुडघे ठणकत होते, पण त्याचं रडून होईपर्यंत ती तिथून हलली नाही.