समोरून काढलेली चित्रं

दुपारची औषधं वाटून झाली की वृद्धाश्रमातल्या सिस्टरला वीस मिनिटं मोकळी मिळत. तेवढ्यात ती चहाचा कप घेऊन जिन्याखाली बसे आणि फोनवर चित्रांचा ग्रुप उघडे.

ग्रुपमध्ये चारशे माणसं होती आणि एकानेही दुसऱ्याला प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. कपडे शिवणाऱ्या काकू होत्या, बस चालवणारे ड्रायव्हरदादा होते आणि सगळ्यांचे कान पिळायला चित्रकलेचे निवृत्त मास्तर होते. त्यांची एक रीत होती. कोणी आपल्या खोलीचं चित्र टाकलं, की बाकीच्यांनी तीच खोली समोरून काढायची. म्हणजे चित्रकार जिथे बसला असेल तिकडे तोंड करून, त्याच्यासकट. न पाहिलेला माणूस ज्याला जसा दिसेल तसा. ड्रायव्हरदादांना दर वेळी कोणीतरी ढेरी द्यायचंच आणि ते दर वेळी रुसायचे.

सिस्टरच्या चित्रांना मात्र तीन ‘छान’ आणि एक अंगठा, यापलीकडे काही मिळत नसे. दोन वर्षांत तिला समोरून काढायची कोणालाच हौस वाटली नव्हती. ती हसून सोडून द्यायची, पण आत कुठेतरी लागायचंच.

आणि मग तिच्या हाती ती वही आली.

शेवटच्या खोलीतल्या आजोबांनी उभा जन्म इमारतींचे नकाशे काढले होते. उजवा हात लुळा पडल्यावर ते डाव्या हाताने खाटेवरून दिसेल ते काढत: खिडकी, खुर्ची, सलाइनचा स्टँड, अर्धवट उघडं दार. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी वही तिच्या हातात ठेवली. “लेकीला द्या. तिच्या हातात. टपालाने नको.”

लेक आली, सामान आवरलं, रडली. जाता जाता तिने विचारलं, “बाबांनी माझ्यासाठी काही ठेवलंय का हो?”

“नाही हो ताई,” सिस्टर म्हणाली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. अजून दोन दिवस ती चित्रं बघू, मग नेऊन देऊ, एवढंच तिच्या मनात होतं. पण एकदा नाही म्हटल्यावर द्यायची कशी? आज देऊ, उद्या देऊ करत महिना गेला, आणि एका दुपारी तिने वहीतल्या एका पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘माझी ड्युटीची खोली.’

तासाभरात ग्रुपवर नुसती झुंबड उडाली. मास्तरांनी लिहिलं, ‘सिस्टर, हा हात इतके दिवस कुठे लपवला होता?’ तिचे कान गरम झाले. लाज वाटली, पण खोटं कशाला बोला, सुखही वाटलं.

संध्याकाळी पहिलं समोरचं चित्र आलं, काकूंचं. खाटेवर एक म्हातारा, गुडघ्यावर वही, डाव्या हातात पेन्सिल. चष्म्याच्या एका काडीला पट्टी गुंडाळलेली.

ती पट्टी सिस्टरने स्वतः गुंडाळली होती.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरदादांचं आलं. तोच म्हातारा, तीच पट्टी. फक्त त्याने वहीवरून मान उचलली होती. तिसरं मास्तरांचं. त्यात तो सरळ समोर बघत होता आणि डावा हात पुढे केला होता, तळवा वर... काहीतरी परत मागावं तसा.

‘ठरवून काढलंत का रे?’ कोणीतरी विचारलं.

‘छे,’ काकूंनी लिहिलं. ‘मी सिस्टरलाच काढायला बसले होते. हातातून हेच आजोबा उतरले.’

सिस्टर भरदुपारी शेवटच्या खोलीत गेली. तिथे अजून कोणी नवीन आलं नव्हतं. चादर तिने सकाळीच ताणून घातली होती. आता तिच्यावर, उशीजवळ, कोणी बसून उठावं तसा खळगा होता. खोलीत नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा वास होता. तिने खळग्यावर हात ठेवला... ऊब होती.

तिथेच, दाराला पाठ टेकून, तिने ग्रुपवर सगळं लिहिलं. चित्र माझं नाही. वही माझी नाही. मी मेलेल्या माणसाच्या लेकीशी खोटं बोलले. तिने एक ओळही खोडली नाही.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन लेकीच्या दारात उभी राहिली. लेकीने उंबऱ्यातच वही चाळली, पान न् पान.

“तेव्हा ‘नाही’ का म्हणालात?”

“मोह पडला, ताई.”

“बरं,” लेक म्हणाली आणि दार लावून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सिस्टर मान खाली घालून जिना उतरली.

ग्रुपने मात्र तिला वाळीत टाकलं नाही. ‘कबूल केलंत, विषय संपला,’ मास्तरांनी लिहिलं. ‘आता तुमचं स्वतःचं काढा. वाकडं का असेना. आम्ही सगळे समोरून काढू.’ ते वाचून तिला रडू फुटलं.

रविवारी सकाळी टेबलाशी स्टुलावर बसून तिने स्वतःचं स्वयंपाकघर काढलं. ओटा, वाळत घातलेला गणवेश, गळका नळ. नळ वाकडाच झाला. तिने ते तसंच पाठवलं आणि त्याच स्टुलावर वाट बघत बसली.

दुपारपर्यंत अकरा चित्रं आली. अकराही जणांनी तिचं स्वयंपाकघर ओट्याकडून काढलं होतं. मधोमध स्टूल होतं, स्टुलासमोर टेबल, टेबलावर कागद. म्हातारा कुठेच नव्हता. तिने सुटकेचा श्वास सोडला, मग चित्रं पुन्हा एकदा, सावकाश, एकेक करून पाहिली.

अकराही चित्रांत स्टूल रिकामं होतं.

‘सिस्टर, रागावू नका,’ खाली काकूंनी लिहिलं होतं. ‘सकाळपासून चार कागद फाडले. तुमच्या जुन्या चित्रांच्या वेळीही असंच झालं होतं. तिथे कोणी बसलेलं दिसतच नाही हो.’