रस्त्याच्या मधोमध संपलेले थेंब

पिवळी स्कूटर जागेवर नव्हती. जागेवर उरला होता फक्त तेलाचा डाग.

स्कारबरोच्या एका गेस्ट हाऊसच्या मागच्या आवारात आयव्ही हॉवर्थ उभी होती. अंगात गाऊन, पायात सपाता आणि काखेत हेल्मेट. ती त्या डागाकडे अशी बघत होती, जणू डागच काहीतरी बोलेल.

"वॉल्ट, हेस्टरला उठव," ती म्हणाली. "माझी लॅम्ब्रेटा चोरीला गेली."

वॉल्ट एन्टव्हिसलने जिना एका दमात गाठला. तीन चाकांच्या फटफट्या स्कूटरचा तो मालक. त्याच्या साइडकारमध्ये बसून सगळं उत्तर इंग्लंड पालथं घालणारी हेस्टर टॅटरसॉल ही बर्नलीतली खासगी गुप्तहेर. विमा कंपन्यांची कामं घ्यायची आणि खोटं बोलणाऱ्यांचे दात त्यांच्याच घशात घालायची. वॉल्ट तिचा सारथी, हमाल आणि श्रोता. डोकं चालवायचं काम तिचं, हे दोघांनीही केव्हाच मान्य केलं होतं.

आयव्हीचं प्रकरण साधं होतं, म्हणूनच वाईट होतं. तिचा नवरा लेन मार्चमध्ये गेला. जन्मभर ती त्याच्या मागे बसली. तो गेल्यावर सत्तरीला टेकलेली ही बाई स्कूटर शिकली, परीक्षेत दोनदा आपटली, तिसऱ्यांदा पास झाली. दुपारी दोन वाजता स्कारबरोच्या टेकडीवरून बंदरापर्यंत, मेळाव्याला आलेल्या त्यांच्या स्कूटर क्लबची मिरवणूक निघायची होती आणि पुढे लेनची पिवळी स्कूटर घेऊन आयव्ही असणार होती. पुढच्या आठवड्यात ती मुलीकडे राहायला जाणार. चौथा मजला. तिथे स्कूटर कुठली?

म्हणजे आज, नाहीतर कधीच नाही.

हेस्टर खाली आली. वाकून तिने तो डाग पाहिला.

"लेन म्हणायचा, थेंब पडायचे थांबले की समज तेल संपलं," आयव्ही म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता.

"अजून पडतायत," हेस्टर म्हणाली.

डागापासून फाटकापर्यंत थेंबांची ओळ गेली होती. जवळजवळ पडलेले थेंब. फाटकातून ते रस्त्यावर गेले आणि रस्त्याच्या मधोमध एकदम थांबले.

"इथे चोराने किक मारली आणि पळाला," वॉल्ट म्हणाला.

"किक मारली तर थेंब पडायचे थांबतात का रे? लांब लांब पडले असते. आणि या गल्लीत लॅम्ब्रेटा सुरू झाली तर मेलेला माणूस उठून खिडकी बंद करेल. कुणी काही ऐकलं?"

कुणीच ऐकलं नव्हतं.

"पोलिसांना बोलवू," वॉल्ट म्हणाला.

"पोलीस कशाला?" मागून आवाज आला. क्लबचा अध्यक्ष गॉर्डन पिकप दारात उभा होता. अंगात नेहमीचा हिरवा पार्का, म्हणजे टोपीवाला लांब कोट, त्यावर तीस वर्षांच्या मेळाव्यांचे बिल्ले. "क्लबची गोष्ट क्लबमध्ये राहू दे. सापडेल गं आयव्ही. दुपारपर्यंत नक्की सापडेल. आधी चार घास खाऊन घ्या."

न्याहारीच्या टेबलावर गॉर्डनच बोलत होता. कप दोन्ही हातांत धरून तो कालच्या प्रवासाचं वर्णन करत होता. "मी तुमच्या तासभर पुढे होतो, पण काय तो पाऊस! माळरानावर पुढचं चाक दिसेना. चिंब! पण आपण चालवत आलो. व्हॅनवाल्यांसारखी स्कूटर पाळण्यात घालून नाही आणली."

वॉल्ट हसला. या क्लबात व्हॅन हा शब्द शिवीसारखा वापरतात. स्कूटर चालवत आणायची, भिजायचं, रस्त्यात बिघडली तर रस्त्यातच उघडायची. जो गाडीत घालून आणेल, त्याच्या गळ्यात सगळ्यांदेखत तान्ह्या बाळाची गुलाबी चोखणी बांधायची. गेल्या वर्षी आल्फ नावाच्या माणसाला बांधली. त्याची पाठ धरली होती. सगळे पोट धरून हसले. आल्फ पुन्हा आला नाही, आणि तो का आला नाही हे विचारावंसंही कुणाला वाटलं नाही. चोखणीची कल्पना गॉर्डनची.

"आणि माझा ब्रेक?" आयव्हीने विचारलं. "काल शेवटच्या उतारावर मागच्या ब्रेकचं पेडल तळाला गेलं होतं, गॉर्डन. तूच गेल्या आठवड्यात काम केलंस म्हणून रात्री तुला सांगितलं."

"नवे लाइनर आहेत, बसायला वेळ लागतो," गॉर्डन म्हणाला आणि उठला. "समुद्राची हवा खाऊन येतो."

तो गेल्यावर घरमालकीण मिसेस पॅशली फणफणत बाहेर आल्या. "हवा खातोय म्हणे! माझी दोन बेकन सँडविच रुमालात बांधून नेली. वर ब्राऊन सॉस मागितला. भरपूर घाला म्हणाला."

"ब्राऊन सॉस?" वॉल्ट म्हणाला. "तो तर त्याला बुटाचं पॉलिश म्हणतो."

"चव बदलली असेल," हेस्टर म्हणाली. "मिसेस पॅशली, काल भिजलेले कपडे कुठे वाळत घातलेत?"

"बॉयलरच्या खोलीत. सगळी खोली ओल्या कुत्र्यासारखी वास मारतेय."

हेस्टर तिथे डोकावली. वॉल्टचा पार्का, आयव्हीचा पार्का आणि डेनिसचा पार्का अजून टपकत होते. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे.

डेनिस म्हणजे लेनची धाकटी बहीण. ती आवारात स्वतःची स्कूटर धूत होती. शेजारी गॉर्डन आपल्या व्हेस्पाच्या आरशांचे नट आवळत होता. हवा खाऊन एवढ्यात परतला होता. हँडलभर आरसे लावलेली ती व्हेस्पा म्हणजे न्हाव्याचं दुकान.

"वाऱ्याने ढिले झाले," तो डाव्या हाताने पाना फिरवत म्हणाला. "माळरानावरचा वारा!"

"तुझी गाडी बरीच स्वच्छ आहे, अध्यक्ष," वॉल्टने टोमणा मारला.

"मेळाव्याची सकाळ आहे. सगळेच धुतात," गॉर्डन म्हणाला. आणि ते खरंच होतं. वॉल्टने मान डोलावली.

हेस्टर डेनिसकडे वळली. "तुला ती स्कूटर हवी होती ना?"

"हवी होती! भावाची होती, रंग मी दिला होता. त्या बाईला गिअर टाकता येत नाही, दळण दळल्यासारखा आवाज काढते." डेनिसने फडकं बादलीत आपटलं. "पण मी पळवली असती ना, तर गर्जत पळवली असती. गल्लीला कळलं असतं. ढकलत नेणं चोराचं काम आहे, हॉवर्थांचं नाही."

"ढकलत नेली हे तुला कसं कळलं?"

"अगं, थेंब मलाही दिसतात. आंधळी नाही मी."

समुद्राकाठच्या मैदानावर टेरी स्केलहॉर्नचा सुट्या भागांचा स्टॉल होता. व्यापाऱ्यांना व्हॅन माफ. त्याने आयव्हीकडे पिवळी लॅम्ब्रेटा तीनदा मागितली होती, तिने तीनदा हाकलला होता.

"माझ्याकडे व्हॅन आहे म्हणून मी चोर?" टेरी उखडला. "बघ ना बाई, काल दुपारपासून पुढे-मागे स्टॉल लागलेत. व्हॅन बाहेर काढायला क्रेन लागेल. आणि आत पाय ठेवायला जागा आहे का बघ."

नव्हती. छतापर्यंत मडगार्ड, सीट आणि इंजिनं कोंबलेली.

"धंदा कसा आहे?"

"भिकार. नऊला दुकान उघडलं तेव्हा तुमचे अध्यक्षच दारात उभे होते. लॅम्ब्रेटाची मागच्या ब्रेकची केबल घेतली, तीही घासाघीस करून. त्यानंतर कुत्रंही फिरकलं नाही."

"चल, वॉल्ट," हेस्टर म्हणाली.

"कुठे?"

"तू परत जा. बारा वाजता सगळ्यांना आवारात जमव, गॉर्डनलाही. मी थोडी हवा खाऊन येते."

बारा वाजता सगळे आवारात होते. आयव्ही बाकावर बसली होती, कपडे घालून तयार, हेल्मेट मांडीवर. डेनिस लांब भिंतीला टेकून. हेस्टर फाटकातून आत आली. तिच्या बोटांना काळं ग्रीस लागलेलं वॉल्टने पाहिलं आणि त्याला त्याचा अर्थ लागला नाही.

"थेंब," हेस्टर म्हणाली, "जवळजवळ पडलेत. म्हणजे स्कूटर हळू, ढकलत नेली. रस्त्याच्या मधोमध ते संपतात. म्हणजे तिथे ती जमिनीवरून उचलली गेली. एकशे दहा किलोचं धूड. रस्त्याच्या मधोमध काय उभं असणार? व्हॅन."

"पण आपल्यात व्हॅन कुणाची?" वॉल्ट म्हणाला. "टेरीची तर अडकलीय."

"बरोबर. तेव्हा प्रश्न असा, की आपल्यातलं कोण स्वतःची स्कूटर व्हॅनमधून घेऊन आलं आणि कुणाला सांगत नाही."

 एक समुद्रपक्षी कौलावर ओरडला.

"काल माळरानावर जो कुणी होता तो चिंब भिजला. त्याचा पार्का आत्ताही बॉयलरपाशी टपकतोय. एकच माणूस सकाळी न्याहारीला कोरडा पार्का घालून आला आणि वर पावसाचं वर्णन करत बसला."

सगळ्यांच्या माना गॉर्डनकडे वळल्या. 

"आरसे," हेस्टर पुढे म्हणाली. "वारा एखादा आरसा ढिला करतो. सगळेच्या सगळे ढिले होतात ते माणसाने मुद्दाम दुमडल्यावर. व्हॅनच्या दारातून जावेत म्हणून."

"पण मी तुझ्याबरोबरच होतो! मला काहीच..." वॉल्ट म्हणाला.

"तू हसत होतास. हसताना दिसत नाही. आता केबल. गॉर्डन, तुझी गाडी व्हेस्पा. लॅम्ब्रेटाची केबल तिला बसत नाही, हे या आवारातलं मांजरही सांगेल. मग कुणासाठी घेतलीस? आयव्हीच्या ब्रेकसाठी. म्हणजे स्कूटर तुझ्या हातात होती. आणि ब्राऊन सॉस तुला पॉलिश वाटतो, तर ते सँडविच कुणासाठी? व्हॅनमध्ये बसलेल्या ड्रायव्हरसाठी. शीला या वर्षी येणार नाही असं सांगितलंस ना सगळ्यांना?"

"बायकोला मध्ये आणू नकोस," गॉर्डन कसाबसा म्हणाला.

"मी नाही आणली. तूच आणलीस, शंभर मैल. आता उजवा हात दाखव."

त्याने तो पाठीमागे नेला.

"कप दोन्ही हातांत धरतोस. पाना डाव्या हाताने फिरवतोस. तू उजखुरा आहेस, गॉर्डन."

गॉर्डन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. 

"हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला," तो म्हणाला. "बोटांना काही कळत नाही. डॉक्टरने लांब चालवायला बंदी केली. आयव्हीच्या ब्रेकचा नट मी आवळला, घट्ट झाला असं वाटलं. वाटलं फक्त. रात्री ती पेडल तळाला गेलं म्हणाली, तेव्हा मी जाऊन बघितलं. नट सरकत होता. या उतारावर, बंदराच्या भिंतीपर्यंत... पहाटे शीलाला बोलावलं. ती आवळेल आणि न्याहारीच्या आत आणून ठेवू. पण उघडताच जुनी केबलच तुटली. स्टॉल नऊला उघडणार. तोवर तुम्ही सगळे आवारात."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?" आयव्हीने विचारलं.

गॉर्डनने पार्क्याच्या खिशात हात घातला आणि गुलाबी चोखणी बाहेर काढली. या वर्षीच्या बकऱ्यासाठी आणलेली. ती त्याच्या आंधळ्या बोटांतून निसटून फरशीवर पडली.

कुणी हसलं नाही.

"नेली गॉर्डनने," हेस्टर म्हणाली, "पण त्याला व्हॅनमध्ये लपवलं तुम्ही सगळ्यांनी. धरलेल्या पाठीला हसणारा क्लब हात कसा दाखवू देईल? आल्फला विचारा. एक बाई त्या उतारावरून ब्रेकशिवाय गेली असती, का? तर अध्यक्षांची झाकली मूठ उघडू नये म्हणून. मर्दुमकीच्या बाता मारता! थू तुमच्या मर्दुमकीवर."

वॉल्टचे कान लाल झाले. डेनिसने मान खाली घातली.

तेवढ्यात फाटकाबाहेर एक पांढरी व्हॅन मागे मागे येत थांबली. शीला पिकप खाली उतरली. ठेंगणी, तेलकट बाह्यांची, ओठाच्या कोपऱ्यात ब्राऊन सॉस.

"झालं," ती म्हणाली. "हेस्टरने समुद्रकाठी मला शोधून काढलं, टॉर्च धरला, म्हणून लवकर झालं. उतारावर चारदा बघितलं. आता ती उभ्या भिंतीवरही थांबेल. काय रे गॉर्डन, सांगितलंस का एकदाचं? देवा, तीन महिने माझं डोकं खाल्लं या माणसाने."

पिवळी लॅम्ब्रेटा फळीवरून खाली उतरली. आयव्ही उठली. सीटवरून हात फिरवला, पेडल दाबलं, पुन्हा दाबलं. मग ती वाकली, फरशीवरची चोखणी उचलली.

वॉल्टला वाटलं, आता आयव्ही ती गॉर्डनच्या गळ्यात बांधणार. तिचा तो हक्कच होता.

आयव्हीने ती आपल्याच आरशाला बांधली.

"मुलीकडे मी रेल्वेने जाणार आहे," ती म्हणाली. "म्हणजे मीही व्हॅनवालीच. डेनिस, त्यानंतर ही तू चालव. गिअर तुला येतात म्हणतेस ना?"

डेनिस बादलीकडे वळली. बादलीतलं फडकं पिळून ती पिवळ्या मडगार्डवरचे बोटांचे ठसे पुसायला लागली.

दोन वाजता मिरवणूक निघाली. पुढे आयव्ही. तिच्या मागे वॉल्ट, आणि साइडकारमध्ये अध्यक्ष.

"डावीकडे घे. हळू. अरे, क्लच असा सोडतात का?" गॉर्डन सारखा ओरडत होता.

"तुला उतरवून व्हॅनमध्ये टाकेन हं!" वॉल्ट ओरडला. गॉर्डन इतका मोठ्याने हसला, की वॉल्टने वळून पाहिलं. त्या माणसाला असं हसताना त्याने वर्षभरात ऐकलं नव्हतं.

सगळ्यांच्या शेवटी पांढरी व्हॅन होती, तिच्या खिडकीतून क्लबचा झेंडा फडफडत होता. आत शीलाशेजारी हेस्टर, दुसरं सँडविच खात.

उतार आला. समोर बंदराची भिंत, तिच्यापलीकडे पाणी. आयव्हीने गिअर टाकला, दळण दळल्याचा आवाज झाला, मागे डेनिसने डोळे मिटले. मग ब्रेक लागला. भिंतीच्या वावभर अलीकडे पिवळी स्कूटर शांतपणे थांबली.

आयव्हीने एक पाय खाली टेकवला. "लेन नेहमी पुढे असायचा, मी मागे," ती म्हणाली.

स्कूटरखाली, दगडावर, तेलाचा एक थेंब पडला.