अण्णांचा डावा हात

आमचा उदगीरला भुसार मालाचा धंदा. शाळेत मी फार टिकलो नाही, पण काटा कुणाचा खोटा ते लांबून ओळखतो. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना मला भोळा समजू नका.

माझी पुतणी स्वप्नाली लातुरात कॉम्प्युटरच्या खेळांसाठी काम करते. वस्तूभोवती फिरून मोबाइलनं ढीगभर फोटो काढायचे. मशीन ते जोडून हुबेहूब तीच वस्तू उभी करतं, मग ती पडद्यावर हवी तशी हलवता येते. आमची धान्य मोजायची पितळी पायली तिनं अशी नाचवून दाखवली. अट एकच, फोटो घेताना वस्तू हलता कामा नये. माझे घेतले तेव्हा मी हसलो, तर मिशा पार कानापर्यंत फिसकटल्या. अण्णा, तिचे वडील, माझे थोरले भाऊ, म्हणाले, "याला गप बसवायचं मशीन आणा आधी."

ते अण्णाच गेले. डॉक्टरांनी तपासलं, कागदावर सरळ रेघ आली. आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात आणि तसंच मातीत नेतात. मुलगा शिवांश परदेशात अडकलेला. त्याला पडद्यावर तरी बापाचा आशीर्वाद मिळावा, म्हणून स्वप्नालीनं बसवलेल्या अण्णांभोवती फिरून फोटो घेतले. मग समाधी झाली.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर अण्णा आले. कपाळाचं भस्म, हारातलं पान न् पान लख्ख. फक्त डावा हात फिसकटलेला. बोटं एकावर एक... उघडी, आणि मिटलेलीही.

"काका, हललेलंच असं येतं..."

स्वप्नालीची आई, नीलम्मावहिनी, मागंच जेवायला बसल्या होत्या. त्यांनी ताट सारलं. "जित्ता माणूस पुरला का हो आपण?"

मी म्हटलं, काट्याचा संशय आला की ओळखीचं वजन ठेवून बघतात. जे हलूच शकत नाही, त्या समाधीचे फोटो घेऊ. तीही फिसकटली तर मशीन खोटं. तोवर वहिनी पाण्यालाही शिवणार नव्हत्या.

शेतात वारा नव्हता. कापराचा वास मात्र अजून तिथंच. स्वप्नाली समाधीभोवती फिरली, मी श्वास धरून उभा. पडद्यावर ढेकळं, बेलाची पानं, सुकलेली फुलं, सगळं लख्ख आलं. फक्त अण्णांच्या डाव्या अंगाला, तळहाताएवढी माती फिसकटलेली.

वहिनी दारातच होत्या. "फिसकटली का?"

"हाव, वहिनी. मशीनच खोटं हाय."

त्या जेवल्या. स्वप्नालीनं लॅपटॉप छातीशी धरला होता.

परवा आम्ही दोघांनी कुणाला न सांगता पुन्हा फोटो घेतले. माती आता चांगली बसलीय.

उजव्या अंगालाही तेवढीच जागा फिसकटून आलीय.