तानलेल्याचं पाणी

उंब्रजच्या जनावरांच्या दवाखान्यापुढं शिवांजली म्हैस घेऊन उभी होती. कडुलिंबाखाली बसलेला एक तरुण मघापासून तिच्याकडं बघत होता... छे, म्हशीकडं! गुडघ्यावर वही, हातात पेन्सिल.

तिनं वहीत डोकावलं. "आवं, ही म्हैस हाय का हत्ती?"

तो हसला. "म्हैसच. काय चुकलं, तुमीच सांगा."

"शिंगं. आमच्या चंद्रीची पाठीपतोर जात्यात. आन् डोळं... ती कवा घाबरून बघत न्हाई."

"तुमच्यासारखीच म्हणा की."

शिवांजलीनं उगाचच दावं घट्ट धरलं.

तो शिराळ्याचा कृष्णात. पोरांसाठी ॲनिमेशनचा सिनेमा करत होता — दांडगे रेडे तळं अडवतात आणि एक म्हैस त्यांच्यापुढं उभी ठाकते. त्या म्हशीला आवाज हवा होता. "तुमचाच द्या," तो म्हणाला.

ती सांगलीला रेकॉर्डिंगला जाऊ लागली. माईकपुढं शब्द अडले, की काचेपलीकडून तो हळूच मान हलवायचा... आणि तिचा आवाज मोकळा व्हायचा.

शेवटच्या दिवशी खर्च उचलणारे साहेब आले. "ते 'पाणी दांडग्याचं न्हाई, तानलेल्याचं हाय' हे म्हशीचं वाक्य तेवढं काढा. निवडणूक तोंडावर आलीय. पोरांच्या सिनेमात राजकारण कशाला? आणि ही गावठी बोली?"

शिवांजलीचा चेहरा उतरला. "बदला," ती कृष्णातच्या कानाशी पुटपुटली. "तीन वर्षं घातलीत तुमी..."

"न्हाई." त्याचा आवाज कापत होता, नजर नाही. "साहेब, वाक्य राहील. आवाजही हाच राहील. तुमचं नाव तेवढं काढतो."

साहेबांचे पैसे थांबले. पुढं सहा महिने लग्नांचे व्हिडिओ करून कृष्णातनं सिनेमा पुरा केला.

उंब्रजच्या शाळेत तो दाखवला, तेव्हा हॉल गच्च भरला होता. ते वाक्य आलं आणि पोरं बाकांवर उभी राहून ओरडली. शिवांजलीचे वडील, निवृत्त सुभेदार, ताठ उभे राहिले. "माझ्या लेकीचा आवाज हाय!" त्यांनी शेजाऱ्याला दोनदा सांगितलं.

कृष्णात मात्र बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून होता. शिवांजली त्याला शोधत आली.

"आत या की! सगळी तुमचं नाव घेत्यात."

"नको. लय धडधडतंय."

"त्या साहेबापुढं न्हाई धडधडलं?"

"त्याला नुसतं न्हाई म्हणायचं होतं. तुमाला... विचारायचंय."

"व्हय," ती म्हणाली.

तो गोंधळला. "अजून विचारलं कुठं?"

"मग विचारा की." तिनं मान ताठ केली, गाल मात्र लाल झाले होते. "आन् जरा मोठ्यानं... बाबांना ऐकू जाऊ दे."