चतुर्दशीचं रक्त

अतिशय चौगुले नावाच्या तरुणानं सांगलीतल्या डॉ. मानसिंग घोरपड्यांच्या दवाखान्याची काच फोडली. त्याला धरायला फौजदार नीलिमा बनसोडे आल्या.

"चोराच्या उलट्या बोंबा," डॉक्टर म्हणाले. "याच्या भावाला, नेमिनाथला, हिमोफिलिया. रक्त थांबत नाही. अनंत चतुर्दशीला याचंच रक्त चढवलं, त्यातून एड्सचा विषाणू गेला. आणि राग माझ्यावर!"

"यानं स्वतः रक्त दिलं?"

"दिलं आणि चहा-बिस्किटं खाऊन गेला."

"खोटं हाय," अतिशय म्हणाला. "मला माघारी धाडलं. पण घरात कोण ऐकतंय?"

कोण ऐकणार? डॉक्टरचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अतिशयचं ताट पडवीत गेलं, ठरलेलं लग्न मोडलं. नीलिमाबाईंचं डोकं तापलं.

त्यांनी चौगुल्यांच्या घरी जाऊन अतिशयच्या आईला, चंदनबालाबाईंना, विचारलं, "चतुर्दशीला अतिशयनं काय खाल्लं होतं?"

"काय न्हाई. पर्युषण पर्वाचा शेवटचा दिवस. निर्जळी उपास हुता त्येचा."

मग त्यांनी पुण्याला फोन केला. नेमिनाथची तपासणी तिथंच झाली होती. लागण झाल्यावर काही आठवड्यांनीच ती दाखवणाऱ्या नेहमीच्या तपासणीत काही नव्हतं, पण नव्या तपासणीत विषाणूचं जनुक सापडलं होतं. म्हणजे लागण अगदी ताजी, आणि तेवढ्या दिवसांत रक्त चढलं होतं एकदाच. नीलिमाबाईंनी अतिशयलाही त्याच तपासणीला धाडलं.

निकाल आला तशा त्या मायलेकांना घेऊन डॉक्टरांपुढे बसल्या.

"अतिशयच्या रक्तात विषाणूचं जनुक नाही. ते रक्त त्याचं नव्हतं."

"तपासण्या चुकतात, बाई."

"आणि निर्जळी उपवासातला जैन पोरगा चहा-बिस्किटं खातो? रक्त देणाऱ्या प्रत्येकाला देता, तेच सवयीनं बोलून गेलात. उपवास आहे म्हणून तर त्याला माघारी पाठवलंत. विसर्जनाच्या मिरवणुकीमुळे तपासणारा माणूस नव्हता. तुम्ही स्टँडवरनं रक्त विकणारा आणवलात, न तपासता चढवलंत. तुमचा कंपाउंडर कबूल झालाय. आणि बिंग फुटायची वेळ आली, तेव्हा भावाला पुढं केलंत."

डॉक्टरांनी घाम पुसला. "पेशंट हातचा गेला असता."

"मिरजेत तपासलेलं रक्त होतं. का नाही मागवलंत?"

"मग पेशंट तिकडच्याच दवाखान्यात गेला असता," डॉक्टर पुटपुटले.

नीलिमाबाईंना त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. वर्दीनं हात धरला.

चंदनबालाबाई उठल्या. "डॉक्टर, तुमच्या सांगण्यावरनं मी रोज ह्या लेकराला भावाचा काळ म्हणलं. त्ये आता माघारी कसं घिऊ?"

अतिशय आईकडं बघत नव्हता.